दांडीवरचा भार

पिंपरी-चिंचवडमध्ये गाडीच्या मागे हुक बसवतात तो काही ओढण्यासाठी नाही. सिग्नलला मागच्याने ठोकलं तर आपला बंपर वाचावा आणि त्याचा फुटावा, एवढाच त्याचा उपयोग. मीही त्यासाठीच बसवला होता. गाडी नवी घेतली तेव्हा ॲक्सेसरीच्या दुकानात सीटकव्हर, मॅट आणि हुक असं सगळं एकदम उरकलं. चकचकीत लोखंडी गोळा आणि त्यावर काळी रबरी टोपी. रावेतच्या आमच्या सोसायटीत कितीतरी गाड्यांना तसा हुक आहे आणि त्यातल्या कुठल्याही गाडीने आजवर काही ओढल्याचं मी पाहिलेलं नाही.

माझ्या गाडीला ओढायची वेळ आली ती माझ्या थोरल्या दिरांमुळे. ते महाळुंग्याला राहतात, जुन्या गावात. त्यांना मी दादा म्हणते. गावाची बरीचशी जमीन कंपन्यांखाली गेली, तरी घरामागे दादांचा एक तुकडा शिल्लक आहे. त्यावर गोठा आहे आणि गोठ्यात शर्यतीची एक जोडी. एक पांढरा, एक कोसा. दादांचं सगळं आयुष्य या जोडीभोवती फिरतं आणि माझ्या जावेचं, म्हणजे वहिनींचं, त्या जोडीला खाऊ घालण्यात जातं.

पूर्वी बैल पिकअपमधून घाटावर जायचे. शर्यतीचं मैदान चढाचं असतं म्हणून त्याला घाट म्हणतात. पिकअपचा हौदा उंच, फळीवरून चढताना कोसा एकदा घसरला आणि गुडघा सोलून घेतला. त्यानंतर तो पिकअप दिसला की चारी पाय रोवून उभा राहायचा. पुढे तो पिकअपही भंगारात गेला. तेव्हा दादांनी तळवड्याच्या एका वर्कशॉपमधून जमिनीलगतचा दोनचाकी ट्रेलर बनवून घेतला. बैलांनी फळीवर न चढता आत जायचं. कल्पना चांगली होती. काम नीट होतं, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक होते, रीतसर पासिंग करून नंबरही घेतला होता. फक्त ओढायला गाडी नव्हती.

त्या हंगामात त्यांना शेजारच्या तालुक्यातल्या मोठ्या घाटावर पहिल्यांदाच बारी मिळाली होती. बारी म्हणजे धावायची पाळी. आमच्याकडच्या गाड्याला दोन जोड्या लागतात. दुसरी जोडी चाकणच्या एका कांदा व्यापाऱ्याची होती. नंबर पुकारला की गाडा जुंपून तयार हवा, थांबत कुणी नाही. दादांना ती बारी हवी होती, फार हवी होती.

एका रविवारी ते रावेतला आले आणि पार्किंगमध्ये माझ्या गाडीभोवती एक चक्कर मारून वर आले. मी कंपनीत क्वालिटी विभागाची प्रमुख झाल्यापासून ते मला चेष्टेने साहेब म्हणतात.

“साहेब, तुमच्या गाडीला हुक हाय, आमच्या ट्रेलरला दांडी हाय,” ते म्हणाले. “सोयरीक जुळतीया.”

माझ्या नवऱ्याने लगेच मान डोलावली. थोरल्या भावाला नाही म्हणायची त्याला सवय नाही. मी म्हटलं, आधी मुलगा काय करतो ते बघते, मग सोयरिकीचं बोलू.

मी चाकणच्या ज्या कारखान्यात काम करते, तिथे गाड्यांच्या खाली बसणारे ब्रॅकेट बनतात. तळहाताएवढ्या तुकड्यावरही तो किती भार घेतो हे ठरलेलं असतं. खाली वाकून माझा हुक पाहिला, त्यावर एकही आकडा नव्हता. दुकानात जाऊन विचारलं, हा किती वजन ओढेल. दुकानदार म्हणाला, “मॅडम, बिनधास्त हत्ती ओढा.” मी विचारलं, केवढा हत्ती. तो हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मग बंपर काढून घेतला. हुक मागच्या पातळ पत्र्याला दोन बोल्टवर टांगला होता. हत्ती सोडा, घरसामानाचा टेम्पोही त्याने ओढला नसता.

तो काढून टाकला आणि भोसरीतल्या एका माणसाकडून गाडीच्या चासीला धरणारा नवा बसवला. त्यावर पत्र्याची छोटी पट्टी होती आणि पट्टीवर दोन आकडे. वरचा दीड हजार किलो, खालचा दीडशे. वरचा समजायला सोपा होता: मागे ओढायचं एकूण वजन. गाडीच्या माहितीपुस्तकात गाडीचा आकडा वेगळा होता, ब्रेक असलेल्या ट्रेलरला एक आणि बिनब्रेकच्या ट्रेलरला त्याच्या निम्माच. गोळ्याचा आकडा वेगळा, ट्रेलरच्या दांडीला जी वाटी असते तिचा वेगळा, दांडी सुटलीच तर ट्रेलर धरून ठेवणाऱ्या साखळीचा वेगळा. यांतला जो सगळ्यांत लहान, तो आपला. बाकीचे कितीही मोठे असोत, त्यांचा उपयोग नाही. आमचं एकूण वजन, दोन बैल आणि ट्रेलर धरून, तेराशेच्या आसपास होत होतं. सगळे आकडे त्याच्या वर होते. खालच्या दीडशेचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता. मी होकार दिला.

महाळुंग्याला ट्रेलर पाहायला निम्मी आळी जमली होती. दादा दांडी एका हाताने उचलून दाखवत होते. “बघा, पोर बी उचलंल,” असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते आणि येणारा प्रत्येक जण एकदा दांडी उचलून शाबासकी देत होता. वर्कशॉपवाल्याला त्यांनी मुद्दाम बजावलं होतं की चाकं बरोबर मध्यावर घे.

हे बैलगाडीचं शहाणपण होतं. गाडीत माल पुढे जास्त झाला की ती धुरजड होते, जू बैलांच्या मानेवर बसतं आणि बैल दमतो. चांगला गाडीवान माल मागे सरकवतो. फार मागे गेला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, मग तो स्वतः पुढे सरकून बसतो. दादा लहानपणापासून हे करत आले होते. बैलाच्या मानेवरचा भार जमेल तेवढा हलका करणं ही त्यांच्या लेखी माणुसकी होती. तीच त्यांनी माझ्या गाडीलाही दाखवली होती.

त्यात आणखी एक गोष्ट होती. शर्यतीचा बैल गाडीतून उतरताना तोंडाने पुढे उतरला पाहिजे, असं त्यांच्याकडे मानतात. मागे पाय टाकत उतरलेला बैल घाटातही मागे सरतो. त्यामुळे दादा बैलांना ट्रेलरमध्ये उलटे चालवून नेत आणि दाराकडे तोंड करून बांधत. दार मागे होतं. म्हणजे बैलाचं डोकं, वशिंड, खांदे, सगळा जड भाग चाकांच्या मागे.

चाचणी म्हणून आम्ही तळेगाव-चाकण रस्त्यावर निघालो. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी, दादा मागून मोटरसायकलवर. गावातल्या रस्त्यावर काही जाणवलं नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर वेग साठपर्यंत गेला आणि शेजारून एक कंटेनर पुढे निघाला. त्याच्या वाऱ्याने ट्रेलर किंचित डावीकडे गेला, मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, पण आधीपेक्षा जास्त. कुत्र्याने शेपूट हलवावी तसा. माझ्या गाडीचा मागचा भाग वर उचलल्यासारखा झाला आणि स्टिअरिंग नवऱ्याच्या हातात सैल पडलं. समोरून येणाऱ्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर मला स्पष्ट दिसला. तो आमच्याकडे नाही, आमच्या मागे बघत होता.

नवऱ्याने काहीच केलं नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गप्प बसला. तो घरीही संकटात हेच करतो आणि एरवी मला त्याचा राग येतो. वेग उतरला तशी शेपूट थांबली. रस्त्याच्या कडेला गाडी घेतली तेव्हा पांढरा घोगऱ्या आवाजात हंबरत होता आणि कोसा थरथरत होता.

दादा मागून आले. त्यांनी आधी बैलांच्या पायांवरून हात फिरवला, मग आमच्याकडे पाहिलं. “बैल नाचलं आतमधी,” ते म्हणाले. “म्हनून हलली.”

मी म्हटलं, आधी गाडी हलली, मग बैल नाचले. त्यांनी ट्रेलरचं दार उघडलं. बैल सोडून चालतच घरी नेले.

त्या आठवड्यात मी माहितीपुस्तकाचं ते प्रकरण नीट वाचलं. खालचा दीडशेचा आकडा दांडीचा होता. ट्रेलरची दांडी हुकावर किती वजन टाकते ते. ते दीडशेच्या वर जाता कामा नये, पण फार खालीही नको. एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढं, किंवा जरासं जास्त, दांडीवर आलंच पाहिजे. कमी आलं तर ट्रेलर शेपूट हलवतो. फार आलं तर गाडीचं बूड दबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि वळवलं तरी गाडी वळत नाही. शेपूट हलायला लागली तर ब्रेक मारायचा नाही, हेही लिहिलं होतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तेच बरं झालं.

म्हणजे दादांचा हलका हात हाच रोग होता. बैलगाडीत गाडीवान पुढे-मागे सरकून तोल सावरतो आणि बैल बैलाच्या चालीने चालतो. साठच्या वेगाने जाणाऱ्या ट्रेलरवर सरकून बसायला कुणी नसतं.

हे फोनवर सांगून पटणारं नव्हतं. मी शनिवारी महाळुंग्याला गेले आणि वहिनींना कांदा तोलायचा काटा मागितला. त्यांच्याकडे गोण्या ठेवायचा सपाट काटा आहे. ट्रेलरच्या मागे-पुढे ठोकळे लावले, काट्यावर लाकडी ओंडका उभा केला आणि हुकाच्या उंचीवर दांडी त्यावर टेकवली. बैल नेहमीसारखे उलटे उभे केले. दांडी ओंडक्यावरून अलगद वर उठली. काट्यावर ओंडक्याचंच वजन.

“उलाळ हाय,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी शब्द उच्चारला आणि दादांनी मान दुसरीकडे वळवली. आता ते त्यांनाही दिसत होतं.

मग बैल फिरवून पुढे तोंड करून बांधले. ओंडका वजा करून काटा एकशे नव्वदवर गेला. हेही चालणारं नव्हतं, हुकाची मर्यादा दीडशे. बैलांच्या छातीपुढचा आडवा दांडा सोडवून वीतभर मागे बांधला, बैल तेवढे मागे सरले आणि काटा एकशे तीसच्या आसपास येऊन थांबला. दोन्ही बाजूंनी बरोबर. मी म्हटलं, असे उभे केले तर मी गाडी देते.

दादांची नजर बैलांच्या पाठीवरून मागच्या दाराकडे गेली.

“आन् उतरायचं कसं?” त्यांनी विचारलं. “मागं सरत? समद्या घाटासमोर?”

“सरले तर सरले.”

“न्हाई. त्यापरीस चालत नेतो.”

“मग चालत न्या.”

मला वाटलं, विषय संपला. मला त्यांचं म्हणणं खुळचट वाटत होतं आणि त्यांना माझं उद्धट. गाडी माझी होती आणि तिच्यात माझा नवरा बसणार होता, त्यामुळे मी हलणार नव्हते. बैल त्यांचे होते.

वहिनी पेंड कालवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बैल मागं सरला तर अपशकुन. गाडी उलाथली मंजी काय, शकुन? दोन्ही लेकरांवानी वाढिवल्यात मी. रस्त्यावर पडलेली बघायला न्हाई.” आणि मग, “दार काय देवानं मागंच दिलंय व्हय? कापा की फुडं.”

दादांनी ट्रेलरभोवती चक्कर मारली. पुढच्या बाजूला, छातीच्या दांड्यापुढे, डाव्या अंगाला एक दार निघू शकत होतं. बैल मागून चढतील, पुढे तोंड करून उभे राहतील आणि पुढच्या दाराने तोंडाने उतरतील. मी म्हटलं, पत्रा कापला की तिथली ताकद जाते, चौकट दुहेरी मारून घ्या. वर्कशॉपवाल्याने पुढच्या रविवारच्या आत काम करून दिलं, चौकट दुहेरी मारली आणि दादांना विचारलं, हे आधीच का नाही सांगितलंत. दादांनी त्याला काय उत्तर दिलं ते नवऱ्याने मला सांगितलं नाही.

दार बसल्यावर मी पुन्हा काटा मागितला. दारामुळे पुढे वजन वाढलं होतं, पण थोडंच, दीडशेच्या आत.

शर्यतीच्या सकाळी महाळुंग्याला पोचून ट्रेलर जोडेपर्यंत दादांचे चार दोस्त फेटे बांधून माझ्या गाडीत बसलेले. मागे डिकीत कडब्याच्या पेंढ्या, पाण्याचे कॅन, एक सतरंजी. दांडीचं वजन माझ्या गाडीवर पडतं, ते आत बसलेल्या माणसांच्या वजनातच धरावं लागतं, हे मी त्यांना समजावलं. त्यांतला एक म्हणाला, “वैनी, बैलांपायी मानसं उतरावता?” मी हो म्हटलं. दोघं उतरले आणि मोटरसायकलवर बसले. उरलेल्या दोघांतला जाड होता त्याने स्वतःहून पोट आत घेतलं. पेंढ्या दुसऱ्या मोटरसायकलने पुढे गेल्या. गाडी मी चालवणार असं सांगितलं तेव्हा दादांनी आकाशाकडे पाहिलं. नवरा शेजारी बसला.

निघायला उशीर झाला होता. चाकणच्या चौकात कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि कांद्याचे ट्रॅक्टर असे सगळे एकमेकांत अडकले होते. त्यातून बाहेर पडेपर्यंत दादांनी फोनवर जोडीदार व्यापाऱ्याला कितीदा सांगितलं की पोचतोच आहोत. रस्ता मोकळा झाल्यावर मी पन्नासवर गाडी धरली. बैलांचे पिकअप आम्हाला मागे टाकून जात होते. एका हौद्यातून कुणी तरी ओरडलं, “दादा, वरात कुठं चाललीया?” आणि तिकडचे सगळे हसले. आमच्या गाडीत कुणी हसलं नाही.

“साहेब,” दादा मागच्या सीटवरून म्हणाले, “जरा हाणा की.”

“नाही.”

“रस्ता मोकळा हाय.”

“कंटेनर येतच आहेत मागून.”

एक आलाच. शेजारून गेला, गाडीला वाऱ्याचा धक्का बसला. आरशात ट्रेलर सरळ होता. जरासुद्धा हलला नाही. दादांनीही मागच्या काचेतून पाहिलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी हाणायला सांगितलं नाही. पण फोनही केला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा नंबर पुकारून झाला होता. व्यापाऱ्याने भोसरीच्या कुणाची तरी जोडी उसनी घेऊन गाडा जुंपला होता आणि तो स्वतः घाटाच्या टोकाला उभा होता, आमच्याकडे पाठ करून. भोंग्यावर पुढच्या नंबरची नावं चालली होती. दादा गाडीतून उतरले, तिकडे बघत उभे राहिले. मी गाडी बंद केली.

मग ते ट्रेलरकडे गेले आणि पुढचं दार उघडलं. कोसा आधी बाहेर आला, तोंड पुढे, न बिचकता, आणि थेट गवताला तोंड लावलं. मागोमाग पांढरा. दादांनी दोघांचे पाय चाचपले, पाणी पाजलं आणि दुपारभर त्यांना बाभळीखाली बांधून दुसऱ्यांच्या बाऱ्या पाहिल्या. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. परतताना ते मोटरसायकलवर गेले. नवऱ्याला वाटलं ते माझ्यावर चिडले आहेत. मलाही तसंच वाटलं आणि त्याबद्दल मला विशेष काही वाटलं नाही. मला हवं होतं ते घरी परत आलं होतं.

वहिनींनी बैल उतरवून घेतले, त्यांना वळसा घालून पाहिलं आणि विचारलं, “बारी?” नवऱ्याने नकारार्थी मान हलवली. “बरं,” त्या म्हणाल्या आणि दावणीला गेल्या.

पुढचे काही दिवस महाळुंग्याहून फोन आला नाही. मग एका संध्याकाळी आला, नवऱ्याच्या फोनवर. दुसऱ्या एका घाटावर बारी मिळाली होती, जोडीदारही नवा. दादांनी नवऱ्याला विचारलं की तुझी बायको चालवती तसं चालवलं तर तिथं पोचायला किती वेळ लागंल. नवऱ्याने फोन माझ्याकडे दिला. मी नकाशा पाहिला, चाकणचा चौक धरून हिशेब सांगितला.

“मंजी उजाडायच्या आधी निघाया लागंल,” दादा म्हणाले.

“हो.”

“मंग मुक्कामालाच या. तुमची वैनी म्हनती, तीबी येनार हाय. तिचं वजन धरा.”

मी म्हटलं, धरते. आणि दोस्तांपैकी एकालाच सांगा.